क्वेबेक पूल (१९०७-१९१७) : बांधकाम कंपन्यांचे संघटनात्मक अध्ययन आणि संकटकाळातील स्थैर्य

आपत्तीनंतर बांधकाम कंपनी पुन्हा उभी राहते ती केवळ भांडवलाच्या बळावर नव्हे. चुकीतून मिळालेले ज्ञान तिच्या कार्यपद्धतीत कितपत मुरते, यावरही तिचे स्थैर्य अवलंबून असते. या प्रक्रियेस व्यवस्थापनशास्त्रात संघटनात्मक अध्ययन म्हणतात. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवरील क्वेबेक पुलाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

२९ ऑगस्ट १९०७ रोजी या पुलाचा बांधकामाधीन दक्षिण भाग कोसळला. पुलावरील ८६ कामगारांपैकी ७५ मृत्युमुखी पडले; कानावाके येथील मोहॉक समाजातील अनेक कुशल कामगार त्यांत होते. मुख्य गाळ्याची लांबी १,६०० फुटांवरून १,८०० फूट करण्यात आली होती. मात्र पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित वेळीच नव्याने मांडले गेले नव्हते. चूक उमगली तेव्हा बरेच पोलादी भाग तयार झाले होते आणि वाढलेला ताण सह्य मानून काम चालू ठेवण्यात आले. ऑगस्टमध्ये दाब पेलणारे खालचे घटक वाकत असल्याचे कामाच्या जागी दिसून आले. निरीक्षक अभियंता नॉर्मन मॅक्लूर हे न्यूयॉर्कला सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्याकडे गेले. अधिक भार न टाकण्याची तार कूपर यांनी केली. परंतु ती फिनिक्स ब्रिज कंपनीच्या फिनिक्सव्हिल येथील कार्यालयास. क्वेबेक येथील काम थांबले नाही. धोक्याची माहिती संघटनेत होती. मात्र तिच्या आधारे काम वेळीच थांबविले गेले नाही.

१९०८ च्या शाही आयोगाने कूपर आणि कंपनीचे संकल्पक अभियंता यांच्या निर्णयातील दोष दाखविले. त्यानंतर शासनाने एकट्या सल्लागाराऐवजी अभियंता मंडळ नेमले. सेंट लॉरेन्स ब्रिज कंपनीने उभारलेल्या नव्या पुलाचे घटक अधिक भक्कम होते. तरीही ११ सप्टेंबर १९१६ रोजी सुमारे ५,००० टनांचा मधला भाग उचलताना नदीत कोसळला व १३ कामगार दगावले. या वेळी दोष पुलाच्या संकल्पनात नव्हता; उचलण्याच्या तात्पुरत्या यंत्रणेतील एका ओतीव आधारात होता. कंपनीने त्या आधाराची रचना बदलली, मधला भाग नव्याने तयार केला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये तो यशस्वीपणे बसविला.

या दोन घटनांवरून दोन निष्कर्ष संभवतात. पहिला, अध्ययन आपोआप सर्वत्र पसरत नाही. १९०७ च्या धड्याने कायमस्वरूपी घटक भक्कम झाले. तात्पुरती साधने दुर्लक्षित राहिली. दुसरा, नेमके कारण शोधून तेवढाच दोष दूर करण्याची क्षमता असल्यामुळेच दुसरी कंपनी वर्षभरात पुन्हा उभी राहू शकली. मात्र या अध्ययनाची किंमत ८८ कामगारांनी प्राण देऊन मोजली. म्हणूनच धोका पाहणाऱ्या व्यक्तीस काम थांबविण्याचा अधिकार असणे, ही संघटनात्मक अध्ययनाची पहिली कसोटी मानावी लागते.