मायना आणि मान

लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ हें तालुक्याचें गांव भाषांच्या सीमेवर वसलेलें आहे. शेजारचीं निलंगा आणि उदगीर हीं ठिकाणें 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतीं. रयतेची मराठी, पलीकडची कानडी आणि 1948 पर्यंत निजामी कचेरीची उर्दू अशा तिन्ही भाषा या मुलुखांत नांदल्या. म्हणून येथें माणसाला हांक मारावयाची तर शब्दांचा तोटा नाहीं. 'अण्णा', 'अप्पा', 'अक्का' हे कानडीच्या शेजारानें आले. 'साहेब' आणि 'हुजूर' दरबारांतून आले.

आदराची खरी जागा मात्र क्रियापदांत आहे. 'ये', 'या' आणि 'यावें' या तीन शब्दांनीं येणाऱ्याची पायरी ठरते. कोरियन भाषेंतहि थोरांविषयीं बोलतांना क्रियापदाच्या पोटांत 'सी' हा प्रत्यय घालतात आणि हुद्द्याला 'निम' जोडतात. आपल्याकडे एक गंमत अशी, कीं वडिलांना 'तुम्ही' म्हणणारा मुलगा आईला आणि विठोबाला खुशाल 'तूं' म्हणतो.

बोलण्यांत जें क्रियापदानें साधतें, तें पत्रांत मायन्यानें साधत असे. मायन्यांचे नमुने सांगणाऱ्या मेस्तकाचें कर्तृत्व परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री याजकडे देते. पेशवाईंत वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', वैदिकास 'वेदशास्त्रसंपन्न', सरदारास 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' असें लिहीत. पुढें आशीर्वाद, नमस्कार, दंडवत कीं रामराम, हें पाहिलें म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वींच दोघांचें नातें कळे. विधवेस 'गंगाभागीरथी' म्हणत. शब्द पवित्र खरा, पण तिच्या खुशालीआधीं तिचें वैधव्य पुकारणारा.

असा शब्द कोणाचा, यावरून तंटे होत. मुंबईचे सोनार स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवीत आणि परस्परांस 'नमस्कार' करीत. हा शब्द आपला, असें इतर ब्राह्मणांचें म्हणणें. अखेर 9 ऑगस्ट 1779 रोजीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनें ठराव करून सोनारांस हा शब्द वापरण्याची मनाई केली. त्याच वर्षीं जानेवारींत वडगांवास मराठ्यांनीं इंग्रजांचा पराभव केला होता आणि युद्ध अद्याप संपलें नव्हतें. तरी सोनारांनीं एकमेकांस काय म्हणावें, याचा विचार करण्यास कंपनीच्या कौन्सिलास सवड मिळाली! मनाई मोडणारास दंडाचें भय होतें. सोनारांचा मात्र हट्ट असा, कीं ज्या शब्दावर हक्क सोडला, त्याबरोबर वर्णावरचाहि हक्क जाईल. हा हट्ट पोकळ म्हणतां येत नाहीं.

गांवाच्या वेशीबाहेरच्या माणसाला तर तंटा करण्याचीहि सोय नव्हती. महारानें 'जोहार मायबाप' म्हणावें, हा रिवाज. समोरच्यानें उलट 'जोहार' म्हणण्याचा प्रश्नच नसे; मान हलवली तरी पुष्कळ. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत 'जयभीम' रूढ होऊं लागला. त्याचें श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांस देतात. पुढें मराठवाड्यांतल्या वस्त्यांतहि तो घरोघर पोहोंचला. या अभिवादनाला मायना नाहीं, पायरी नाहीं. वृद्धानें म्हटलें तरी 'जयभीम', पोरानें म्हटलें तरी 'जयभीम', आणि उत्तरहि तेंच.