दोन चुलींचें घर

इतिहास म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें किल्ला, वेढा, तह आणि तख्त यांचीच रांग उभी राहते. अहमदनगर तर असल्या इतिहासाचें माहेरघरच. (२०२४ सालापासून या शहरास अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे, आम्ही ज्या काळाविषयीं लिहीत आहों त्या काळाचें नांव येथें ठेवतों.) निजामशाहीची राजधानी, चांदबिबीनें झुंजविलेला कोट, १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें घेतलेला तोच कोट, आणि १९४२ सालीं त्याच कोटांत कोंडलेले राष्ट्रीय पुढारी, एवढें सांगितलें म्हणजे नगरचा इतिहास संपला असें आम्ही अध्यापक मंडळीही समजून चालतों. पण याच नगरांत माणसें बिऱ्हाडें थाटून राहत आलीं. त्यांनीं भिंती सारवल्या, उंबऱ्यांवर रांगोळ्या घातल्या, भाकऱ्या भाजल्या, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या. नवराबायकोनीं मिळून घर कसें उभें केलें, या प्रश्नाचें उत्तर बखरींत नाहीं व गॅझेटियरांतही नाहीं.

राजवाड्यांतील घराची तरी साक्ष नीट राहिली आहे काय? हुसेन निजामशहा (१५५३–१५६५) व त्याची राणी खुंजा हुमायून यांच्या स्तुतिपर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाचें एक फारसी काव्य आफताबी नामक कवीनें रचलें. त्याची सचित्र पोथी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत आहे. तींत राजाच्या आसनावर त्याच्याशेजारीं राणीचेंही चित्र काढलें होतें. दक्षिणेंतील दरबारी चित्रांत ही गोष्ट विरळाच. हुसेन वारल्यावर राणीनें अल्पवयी मुर्तजाच्या नांवानें कांहीं वर्षें राज्य चालविलें. पुढें पुत्रानेंच तिला कैद केलें, आणि पोथींतील तिची आकृति ठिकठिकाणीं पुसली गेली. आज पान उघडलें तर राजा बसलेला दिसतो आणि त्याच्याजवळ एक डाग दिसतो.

त्यानंतर सुमारें साडेतीनशें वर्षांनीं याच शहरांतील एका गरीब बिऱ्हाडाचें चित्र मात्र पुसलें गेलें नाहीं. कारण तें बिऱ्हाडाच्या मालकिणीनेंच काढलें. आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या घराविषयीं बोलत आहों. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालीं. तीं विनोदासाठीं वाचलीं जातात, धर्मांतराच्या हकीकतीसाठीं वाचलीं जातात, भाषेच्या साधेपणासाठीं तर पाठ्यपुस्तकांत घेतलीं जातात. आमच्या मतें तीं महाराष्ट्रांतील घराच्या इतिहासाचें पहिल्या प्रतीचें साधन आहेत, आणि त्या दृष्टीनें त्यांजकडे पुरतें लक्ष गेलेलें नाहीं. हा ग्रंथ घडलेल्या गोष्टींनंतर पुष्कळ वर्षांनीं, हसत हसत लिहिलेला आहे. तेव्हां त्यांतील प्रत्येक संवाद शब्दशः तसाच झाला असें धरून चालतां येणार नाहीं. पण चूल कोठें होती, पाणी कोणीं भरलें, कोणाच्या हातचें खाल्लें, या गोष्टी बाई माणूस विसरत नाहीं.

पुढील कथेचें मर्म कळण्यास नगरच्या चुलीविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. हा जिल्हा ज्वारी-बाजरीचा. या धान्यांच्या पिठास गव्हाप्रमाणें चिकटी नसते. आंबविलें तरी तें वायु धरून ठेवीत नाहीं, म्हणून त्याचा पाव फुगत नाहीं. तें गरम पाण्यांत मळून, हातावर थापून, तव्यावर टाकून, शेवटीं निखाऱ्याशीं शेकावें लागतें. चूल उघडी, जळण म्हणजे गोवऱ्या व काटक्या. बंद भट्टीची गरजच पडली नाहीं. तरी भट्टीचें काम आमच्या बायकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. गोवऱ्यांच्या आरांत पुरून भाजलेले रोडगे, किंवा पातेल्याखालीं निखारे व झांकणावरही निखारे ठेवून भाजलेला गोड पदार्थ, हें सर्व भट्टीचेंच शास्त्र. फरक होता तो भट्टीच्या मालकाचा. निखारे घरचे, तोंवर सोंवळें शाबूत. पाव मात्र बाहेरचा.

पाव हा शब्दच पोर्तुगिजांचा, आणि गोव्यांत तो माडाच्या सुरेनें आंबवीत. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवचें गांव बाटविलें, ही दंतकथा कोंकणांत व देशावर सारखीच प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो, पावाकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जाई हें तींतून स्पष्ट होतें. बिस्किटाची गोष्ट तर दंतकथाही नव्हे. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. बोलावणें करण्यांत पुढाकार गोपाळराव जोशी यांचा, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या पतीचा. त्यांनींच मागून हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य यांच्यासारखीं माणसें त्यांत सांपडलीं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, याचें दुःख रमाबाईंनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. वाचकांस हा पोरखेळ वाटेल. पण हायकोर्टाच्या न्यायाधीशपदाच्या पायरीवर असलेला मनुष्य एका बिस्किटापायीं नमला, हें ध्यानांत ठेवूनच टिळकांच्या घरांत पाऊल टाकिलें पाहिजे.

लक्ष्मीबाई नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या. त्यांच्या वडिलांचें सोंवळें वेडाच्या थरास गेलेलें. बाजारची वस्तु धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाची नाहीं हा त्यांचा दंडक. अशा घरची अकरा वर्षांची मुलगी नारायणरावांस दिली. नारायणराव कवि, रागीट, उदार, आणि एका ठिकाणीं न टिकणारे. त्यांच्या हातीं पैसाही टिकत नसे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढें ते नगरास अमेरिकन मिशनच्या कामीं आले. लक्ष्मीबाई लहान दत्तूस घेऊन पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. आगगाडींत भेटलेल्या एका परक्या गृहस्थानें दिलेलें पुस्तक वाचून नवऱ्यानें धर्म बदलला. बायकोस तो मार्ग मोकळा नव्हता. तिचा धर्म पुस्तकांत नव्हताच, तो पाण्याच्या घागरींत होता.

कांहीं वर्षांनीं त्या नगरास पतीकडे आल्या. पण आल्या त्या आपला स्वयंपाक व आपलें पाणी निराळें ठेवून. एका संसारांत दोन चुली पेटल्या. या व्यवस्थेची थट्टा करणें सोपें आहे, आणि खुद्द लक्ष्मीबाईंनीं ती केलीही आहे. आम्हांस मात्र तींत दोघांचीही थोरवी दिसते. टिळकांच्या स्वभावांत जबरदस्ती थोडी नव्हती. रागाच्या भरांत घर सोडून जाणारा तो पुरुष. त्या काळच्या कायद्यानें व रूढीनें पतीस पुष्कळ अधिकार दिला होता. तरीही या एका बाबतींत त्यांनीं पत्नीच्या चुलीस हात लावला नाहीं. उलट तिनेंही नवरा बाटला म्हणून त्याला सोडिलें नाहीं. भिंतीच्या एका बाजूस सोंवळें व दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती पति, असा संसार चालविला.

मग ती भिंत पडली कशी? उपदेशानें नव्हे. लक्ष्मीबाई म्हणतात त्यावरून पाहतां ती त्यांच्या स्वतःच्या विचारानें पडली, आणि बाप्तिस्म्यापूर्वीं पडली. जातिभेद ईश्वरानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला, आणि मग कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. जन्माची संवय पोटांत असते, ती एका दिवसांत कशी सुटावी? १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. कित्येक ख्रिस्ती लेखक त्यांस ‘पतीच्या मागून गेलेली साध्वी’ म्हणून गौरवितात व कित्येक हिंदु टीकाकार त्याच कारणास्तव त्यांची कींव करितात. आमच्या मतें दोघेही चुकतात. पतीच्या मागून जाणारी बाई पांच वर्षें थांबत नाहीं. चूल बदलणें हें काम तिचें होतें, तें तिनें आपल्या वेळीं केलें.

त्याच सुमारास छप्पनचा दुष्काळ नगर जिल्ह्यावर कोसळला होता. त्या काळांत व नंतरही नगरास आणि राहुरीस टिळकांच्या घरीं पोरक्या मुलांचा राबता असे. प्लेगाच्या दिवसांत छावणीतील रोग्यांची शुश्रूषाही लक्ष्मीबाईंनीं केली. ज्या हातांनीं एके काळीं दुसऱ्याच्या स्पर्शाचें पाणी ओतून दिलें तेच हात आतां वाटेल त्या जातीच्या पोरास भरवीत होते. फुलांमुलांचे कवि म्हणून टिळकांची ख्याति आहे. तीं मुलें काव्यांत येण्यापूर्वीं पंगतीस येत, आणि त्यांच्या भाकरीचा हिशेब कविरायांस नव्हे, बाईंस करावा लागे. बालकवि ठोंबरे हेही कांहीं काळ या घरीं राहून गेले.

घराच्या सजावटीचाही असाच एक इतिहास नगरांत घडत होता. मिशनचें येथील काम १८३१ पासूनचें. सिंथिया फरारबाई १८३९ सालीं नगरास आल्या व १८६२ सालीं येथेंच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांस पुण्यांतील १८४८ च्या शाळेची स्फूर्ति झाली. अशा मिशनशाळांत अक्षराबरोबर सुईही आली. शिवण आमच्या बायकांस नवें नव्हतें. वाकळ शिवणारी कुणबीण टांके मोजूनच घालते, आणि तिची चौकटींत चौकट बसविण्याची हातोटी कोणत्याही शाळेंतून आलेली नाहीं. पण क्रोशाची जाळी, भरतकामाचा रुमाल, मण्यांचें तोरण, टेबलावरील आच्छादन हे प्रकार बहुतांशीं बंगल्यांतून व शाळांतून वाड्यांत शिरले. पावाच्या वाटेवर जे पहारे होते ते या वस्तूंस लागले नाहींत, कारण सूत विटाळत नाहीं असें शास्त्रानें नव्हे तरी सोयीनें ठरविलें. दोन पिढ्यांत तें तोरण इतकें आपलें झालें कीं रुखवतांत त्याला मानाची जागा मिळाली. १८९४ सालीं रविवर्म्यांचा छापखाना निघाल्यावर भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती चौकटींत बसल्या, आणि त्यांच्यावर क्रोशाची झालर आली. देवी हिंदु, छापण्याचें तंत्र जर्मन, झालर मिशनची. पण पाहणारास तें मराठी घरच वाटे.

अन्नाचें तसें झालें नाहीं. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ निघालें, पण पुस्तकांत कृति येणें आणि घरांत भट्टी येणें यांत फार अंतर आहे. तें अंतर आमच्या समाजानें मोठ्या चातुर्यानें भरून काढलें. नगरास पलटणीची छावणी असल्यानें पावाच्या भट्ट्या आधींपासून होत्याच. दिवाळी जवळ आली कीं घरचें तूप, घरची पिठीसाखर, घरचा रवा-मैदा घेऊन नवराबायको भट्टीवर जात, समोर उभें राहून नानखटाई थापून घेत, आणि पत्र्याचा डबा भरून परत येत. सामान आपलें, विस्तव परका. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, ही वारी आम्हीं स्वतः केली आहे. वडील डबा धरीत, आई तुपाकडे डोळे लावून उभी राही, भट्टीवाले चाचा तिला ‘वहिनी’ म्हणत. आमची आजी ती नानखटाई देवापुढें ठेवीत नसे. दुपारीं चहाबरोबर मात्र दोन खात असे. पुढें कुकरांत वाळू घालून केक भाजण्याची युक्ति आली, मागून गोल विजेची भट्टी आली, आणि ती वारी बहुतेक घरांतून थांबली. आजीचा नियम कोणी मोडला नाहीं, तो विसरला गेला. लक्ष्मीबाईंनीं जें विचारपूर्वक, मनाशीं झगडून केलें तें आमच्या घरांत नकळत झालें. म्हणूनच कीं काय, आमच्या घरांतील कांहीं भिंती अजून जागच्या जागीं आहेत. घरीं झाडलोट करणाऱ्या बाईचा चहाचा कप कोठें ठेवला जातो तें ज्यानें त्यानें आपल्या ओट्यापाशीं पाहावें.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस वारले. त्यांनीं आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे अकरा अध्याय झाले होते. जिला विवाहानंतर पतीनें जेमतेम वाचावयास शिकविलें होतें, जिचें शुद्धलेखन शेवटपर्यंत कच्चें राहिलें, त्या बाईंनीं त्यापुढें चौसष्ट अध्याय ओवीबद्ध लिहिले.