अकाबाची सराई

अकाबाची सराई, जी आज ‘अकाबाचा किल्ला’ किंवा ‘मामलूक किल्ला’ या नावाने अधिक परिचित आहे, ही जॉर्डनमधील अकाबा शहरातील सोळाव्या शतकाच्या आरंभीची तटबंदीयुक्त वास्तू आहे. इजिप्तहून मक्केला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या तांड्यांना मुक्काम, धान्यसाठा व संरक्षण मिळावे, या हेतूने मामलूक सुलतान कानसूह अल-घौरी (कारकीर्द १५०१–१५१६) याने ती बांधविली. अशा वास्तूस अरब प्रदेशात ‘खान’ म्हणत. मराठीतील ‘सराई’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे.

स्थान आणि महत्त्व

अकाबा हे तांबड्या समुद्राच्या अकाबा आखाताच्या उत्तर टोकाशी आहे. त्याचे प्राचीन नाव आयला. ‘अकाबा’ याचा अर्थ घाटातील अवघड चढण असा असून, सिनाईच्या पठारावरून आखाताकडे उतरणाऱ्या खडतर घाटामुळे हे नाव गावाला पडले. कैरोजवळील बिरकत अल-हज येथे एकत्र जमलेला तांडा अजरूद व नख्ल या मुक्कामांवरून सिनाईचे वाळवंट ओलांडून येथे पोहोचे. कैरो ते मक्का या वाटेचे परंपरेने चार भाग मानले जात. त्यांपैकी पहिला भाग अकाबा येथे संपे. पुढे आखाताच्या पूर्व किनाऱ्याने यान्बूमार्गे मक्का गाठावी लागे. येथे गोड्या पाण्याच्या विहिरी व खजुराची बने असल्याने तांडा काही दिवस विसावा घेई.

पूर्वेतिहास

या घाटातील वाट सुधारण्याचे काम नवव्या शतकात इजिप्तचा शासक खुमारवैह याच्या काळात झाल्याचे इतिहासकार मकरीझी नमूद करतो. इ.स. १११६ च्या सुमारास आयला क्रुसेडरांच्या ताब्यात गेल्यावर हा मार्ग असुरक्षित झाला. त्यामुळे इजिप्तकडील यात्रेकरू नाईलच्या खोऱ्यातून दक्षिणेस जाऊन ऐधाब बंदरातून तांबडा समुद्र ओलांडीत. अंदालुसियाचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ मध्ये याच आडवळणाच्या वाटेने गेला. सलाहुद्दीनने ११७० मध्येच आयला परत घेतले होते. तरी सिनाईचा मार्ग यात्रेसाठी नियमितपणे रूढ झाला तो १२६० च्या दशकात, सुलतान बैबर्सच्या काळात. सध्याच्या वास्तूच्या जागी झालेल्या उत्खननांत तिच्याही आधीच्या बांधकामांचे अवशेष सापडले आहेत.

बांधणी

सोळाव्या शतकाच्या आरंभी बेदुईन टोळ्यांच्या लुटीमुळे हजच्या तांड्यांना मोठी झळ पोहोचत होती. त्यातच १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१३ मध्ये एडनवर हल्ला करून तांबड्या समुद्रात प्रवेश केला. अशा काळात अल-घौरीने यात्रामार्गावर मोठी कामे हाती घेतली. अकाबाचे काम खैर बे अल-अलाई याच्या देखरेखीखाली झाले. प्रवेशद्वारावरील शिलालेखात सुलतानाचे नाव असून, घाटरस्ता दुरुस्त केल्याची नोंद घाटातील कोरीव लेखात आहे.

वास्तू साधारण चौरस आहे. चार कोपऱ्यांवर बुरूज, उत्तरेस दोन बुरुजांमधील कमानदार प्रवेशद्वार, मध्यभागी मोकळे अंगण आणि तटाच्या आतील बाजूस खोल्यांच्या रांगा, अशी तिची रचना आहे. अंगणाच्या दक्षिण बाजूस मशीद होती.

यात्रेकरूंसाठी उपयोग

इतिहासकार इब्न इयास या खानाचा उल्लेख करताना यात्रेकरूंची ठेव ठेवण्यासाठी केलेल्या कोठारांचा निर्देश करतो. वाळवंटात धान्य व उंटांचा चारा दोन्ही वेळांसाठी सोबत वाहणे अशक्यप्राय होते. म्हणून परतीच्या वाटेसाठी लागणारी शिधासामग्री येथेच ठेवून तांडा पुढे जाई. ही ठेव लुटली गेली तर परतणाऱ्यांवर उपासमारीची वेळ येई. भक्कम तट व शिबंदी यांची गरज राज्यरक्षणापेक्षा या कोठारांसाठी अधिक होती. तांड्याच्या मुक्कामात येथे बाजारही भरे व गाझा परिसरातून व्यापारी माल घेऊन येत.

उत्तरकाळ

अल-घौरी ऑगस्ट १५१६ मध्ये मर्ज दाबिकच्या लढाईत मारला गेला व १५१७ मध्ये इजिप्त उस्मानी साम्राज्यात गेला. नव्या सत्तेलाही यात्रामार्गाचे रक्षण आवश्यक होते. त्यामुळे सुलतान मुराद तिसरा याच्या काळात, १५८७–८८ मध्ये, वास्तूची डागडुजी झाली. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स याने १८३९ मध्ये तिचे चित्र रेखाटले.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला व आगबोटींचा प्रवास सुलभ झाल्याने खुष्कीची यात्रा ओसरली. १८८० च्या दशकात इजिप्तचा अधिकृत तांडाही समुद्रमार्गे जाऊ लागला आणि सराईचे मूळ प्रयोजन संपले. उरली ती केवळ लष्करी ठाणे म्हणून. पहिल्या महायुद्धात तिच्यावर ब्रिटिश नौदलाने तोफा डागल्या आणि ६ जुलै १९१७ रोजी अरब उठावातील सैन्याने अकाबा जिंकले. प्रवेशद्वारावरील हाशेमी राजचिन्ह त्या घटनेनंतरचे आहे.

सद्यस्थिती

वास्तूचा काही भाग पडझड झालेला असला, तरी प्रवेशद्वार, बुरूज व अंगण पाहता येतात. शेजारीच शरीफ हुसेन बिन अली यांचे निवासस्थान आहे. लोकव्यवहारात ‘किल्ला’ हे नाव रूढ झाले असले, तरी इजिप्तच्या यात्रामार्गाच्या इतिहासात या वास्तूचे स्थान मुख्यतः सराई म्हणूनच आहे.