पट्टेदार दगडाचं कूळ

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरावरचा दगड हातात घेतला, तर त्यात दोन रंग आलटूनपालटून दिसतात. एक पट्टा करडा, पोलादासारखा चकाकणारा. त्याला लागून दुसरा लालसर किंवा पांढुरका, गारगोटीच्या जातीचा. काही पट्टे बोटभर जाड, काही नखाहून पातळ. करडा भाग झिलई नसलेल्या फरशीवर घासला की गेरूसारखी रेघ उठते, म्हणजे तो हेमॅटाइट. लोहचुंबक घट्ट चिकटला, तर मॅग्नेटाइट. आपल्याकडचे भूवैज्ञानिक या दगडाला 'बीएचक्यू' म्हणतात, बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट. डिचोली, बैलाडिला, नोआमुंडी, संडूर ही सगळी याच्याच गोतातली. ऑस्ट्रेलियातलं हॅमर्स्ली आणि युक्रेनमधलं क्रिव्ही रीह हे दूरचे भाऊबंद. जगातलं बहुतेक लोखंड याच घराण्यातून येतं.

हे दगड समुद्राच्या तळाशी साचले, याबद्दल वाद नाही. अडचण वेगळीच आहे. आजच्या समुद्राच्या पाण्यात लोखंड जवळपास नसतंच. मग डोंगरच्या डोंगर उभे राहतील इतकं लोखंड पाण्यात आलं कुठून आणि राहिलं कसं?

कोकणात ज्यांच्या बोअरच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो, त्यांना याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं. पाणी वर येतं तेव्हा नितळ असतं. बादलीत तासभर ठेवलं की पिवळट होतं आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. फेरस रूपातलं लोखंड पाण्यात विरघळून राहतं; हवेतला ऑक्सिजन लागला की ते फेरिक होतं आणि खाली बसतं. याचा अर्थ, ज्या समुद्राने एवढं लोखंड पोटात ठेवलं त्यात ऑक्सिजन नव्हता.

लोखंड आलं कुठून, याचा पुरावा दगडात अत्यल्प प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांनी दिला. पूर्वी अनेकांना वाटे की नद्यांनी ते जमिनीवरून धुऊन आणलं. पण नदी चिखलही आणते, आणि चिखल म्हणजे ॲल्युमिनियम. शुद्ध पट्टेदार दगडात ते नावापुरतंच सापडतं. उलट युरोपियम शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने जास्त असतं. समुद्रतळाच्या भेगांतून उसळणाऱ्या कढत पाण्यात आजही युरोपियम असंच चढं असतं. सीरियमची साक्षही महत्त्वाची. ऑक्सिजन असलेल्या समुद्रात सीरियम पाण्यातून वेगळं पडतं आणि त्याची तूट दिसते; बहुतेक जुन्या पट्टेदार दगडांत ती तूट नाही. तेव्हा लोखंडाचं माहेर मुख्यतः समुद्रतळाचे उष्ण झरे, आणि वाहून नेणारं पाणी ऑक्सिजनविना, एवढं पक्कं धरायला हरकत नाही.

पण मग त्या लोखंडाला गंजवलं कोणी? शाळेतलं उत्तर असं: नील-हरित जिवाणूंनी प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडला, समुद्र गंजला. प्रेस्टन क्लाउड या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1960 आणि 1970च्या दशकांत हे चित्र मांडलं आणि ते लोकप्रिय झालं. गोष्ट सुबक आहे, आणि माझ्या मते जरा जास्तच सुबक. ग्रीनलंडमधल्या इसुआचे पट्टेदार दगड सुमारे 3.7 अब्ज वर्षांचे आहेत. हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो साधारण 2.4 ते 2.3 अब्ज वर्षांपूर्वी. 2000 साली जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी गंधकाच्या समस्थानिकांतून त्याला भक्कम पुरावा दिला. मधल्या अब्जाहून अधिक वर्षांचं काय?

1978मध्ये केर्न्स-स्मिथ यांनी सुचवलं की ओझोनचं छत्र नसताना अतिनील किरणांनीच हे काम केलं असेल. पुढे 1993मध्ये फ्रीडरिश विडेल आणि सहकाऱ्यांनी असे जिवाणू दाखवले, जे प्रकाशाच्या बळावर फेरस लोखंडाचं फेरिक करतात आणि ऑक्सिजनला हातही लावत नाहीत. इसुआसारख्या दगडांसाठी मला हाच दावेदार सर्वांत पटतो. त्याला ऑक्सिजनची गरज नाही आणि खाद्याला लोखंड मुबलक. नंतरच्या, हॅमर्स्लीच्या काळातल्या थरांत नील-हरित जिवाणूंचा हात असणारच. एकाच कारणावर सगळं घराणं चढवू नये, एवढंच.

पट्ट्यांचं कोडं मात्र पुरतं सुटलेलं नाही. तेव्हा सिलिकाचं कवच बांधणारे जीव नव्हते, म्हणून समुद्रात सिलिका तुडुंब होती आणि लोखंडाबरोबर तीही बसत गेली. हॅमर्स्लीतल्या डेल्स गॉर्जचे पट्टे शंभराहून अधिक किलोमीटर माग काढता येतील इतके सलग आहेत. ॲलेक ट्रेंडल यांनी त्यातले सर्वांत बारीक थर वर्षागणिक साचलेले मानले. मोह पडावा असा तर्क आहे, पण गाळाचं दगडात रूपांतर होताना लोखंड आणि सिलिका हलतात, पट्टे नव्याने आखले जातात. तेव्हा प्रत्येक रेघेला वर्ष म्हणणं धाडसाचं.

सुमारे 1.85 अब्ज वर्षांपूर्वी हे दगड बनणं जवळजवळ थांबलं. सत्तरेक कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी बर्फाने झाकली गेली, तेव्हा झाकणाखालच्या पाण्यात लोखंड पुन्हा साठलं आणि कॅनडातल्या रॅपिटनसारखे थोडे थर तयार झाले. जोसेफ कर्शविंक यांनी 1992मध्ये हा संबंध जोडला.

मूळ दगडात लोखंड असतं साधारण तीस टक्के. तेवढ्यावर खाणवाल्याचं भागत नाही. गोव्यात लाखो वर्षं पावसाचं पाणी या दगडातून झिरपलं, सिलिका धुऊन गेली, वर जांभा तयार झाला आणि त्याखाली भुसभुशीत, साठ टक्क्यांच्या आसपास लोखंडाचं खनिज उरलं. जपानच्या पोलाद कारखान्यांना गेलं ते हेच. म्हणून गोव्याच्या खनिजाचं वय विचारलं तर दोन उत्तरं द्यावी लागतात: दगड अडीच अब्ज वर्षांहून जुना, आणि विकण्याजोगं खनिज तो झाला त्यानंतर फार उशिरा.