भातुकली आणि तोफखाना

इंदूरच्या राजवाड्याजवळील बाजारात नात्यातील एका बाळासाठी खेळणे घ्यावयास आम्ही गेलो असता दुकानदाराने पहिला प्रश्न केला तो मुलगा की मुलगी, हा. वय किती, हे त्याने मागाहून विचारले. मुलगी म्हणताच चूल, पोळपाट-लाटणे आणि बाहुली पुढे झाली. चेंडू, मोटार व ठोकळे मांडणीवरच राहिले. दुकानदारास दोष देण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाची मागणी तो ओळखून असतो. परंतु ज्या वाटणीस आपण 'आपली जुनी रीत' म्हणतो, ती खरोखर कितपत जुनी आहे, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

आमच्या व्यवसायात रूढीचा आधार घेणाऱ्यास ती सिद्ध करावी लागते. ती दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळली गेलेली असावी, निश्चित असावी, आणि गैरवाजवी अथवा लोकनीतीविरुद्ध नसावी, अशा कसोट्या १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घालून दिल्या आहेत. खेळण्यांच्या वाटणीस याच कसोट्या लावून पाहू.

पहिली साक्ष कालिदासाची. 'कुमारसंभवा'च्या पहिल्याच सर्गात बालपार्वती मंदाकिनीच्या वाळवंटात सखींसह खेळते, ती बाहुल्यांनी आणि चेंडूंनीही. जगन्मातेच्या हाती कवीने दोन्ही दिली आहेत. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त राजकन्या कंदुकावती विंध्यवासिनीच्या आराधनेसाठी सर्वांदेखत चेंडूचा खेळ करते. चूल ही केवळ मुलीची, असेही आपले ग्रंथ म्हणत नाहीत. विराटाघरी भीम बल्लव होऊन पाकशाळा सांभाळी. नळराजाचे नाव तर उत्तम स्वयंपाकासच जडले. आपल्या कितीतरी देवळांत नैवेद्य शिजतो तो पुरुषांच्याच हातून. देवास जी पळी चालते, ती आपल्या मुलाच्या हाती पाहून आपण का हसावे?

आता इंदूरचीच साक्ष घेऊ. चोंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची कन्या अहिल्या हिचा जन्म १७२५ चा. १७३३ मध्ये ती होळकरांची सून झाली. सासरे मल्हारराव यांनी या सुनेस माजघरापुरते ठेविले नाही; दौलतीचा कारभार तिच्याकडून करवून घेतला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तरी हा क्रम खंडला नाही. १७६५ मधील एका पत्रात तर मल्हाररावांनी त्यांस तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जावयास आणि दारूगोळ्याची तजवीज ठेवावयास लिहिले आहे. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी राहून त्यांनी दौलत सांभाळली आणि काशी-सोमनाथापर्यंत देवालये उभारली. यशवंतराव होळकरांची कन्या भीमाबाई हिला वडिलांनी घोडदौड व शस्त्रे शिकविली, अशी परंपरा आहे. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत ती घोड्यावर होती.

राजघराण्यातील अपवादांवरून समाजाची रीत ठरत नाही, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. सामान्य घरातील मुलीच्या वाट्यास भातुकलीच येई. मात्र त्यास एक कारण होते. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होऊन ती परक्या घरच्या चुलीपुढे बसावयाची. म्हणून भातुकली हा तिचा खेळ कमी आणि उमेदवारी अधिक. ते कारण कायद्याने हळूहळू मोडीत काढले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरावर नेले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कन्या पुत्राप्रमाणेच जन्मतः एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद झाली. जन्मतःच जिला मिळकतीत भाग, तिला खेळण्यांच्या पेटीत मात्र एकट्या चुलीचाच भाग! कारण नाहीसे झाले की नियमही सरतो, हे न्यायाचे जुने तत्त्व आपल्या घरांत अद्याप शिरलेले नाही.

यावरून भातुकली टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. सावंतवाडीची रंगीत लाकडी भातुकली ज्याने बाळपणी मांडली, त्यास तिचे मोल सांगावे लागत नाही. मापाने वाढणे, आल्यागेल्यास आधी देणे, खेळ संपल्यावर सारे जागच्या जागी ठेवणे, हे संस्कार मुलास नकोत असे कोण म्हणेल? नुकसान मुलीचे होते तसेच मुलाचेही होते. तिला यंत्राची ओळख उशिरा होते. त्याला दुसऱ्याच्या भुकेची ओळख कधी कधी होतच नाही.

असो. विराटपर्वातील एक प्रसंग येथे आठवतो. बृहन्नडा होऊन राहिलेला अर्जुन कौरवांशी लढावयास निघाला, तेव्हा राजकन्या उत्तरेने त्याच्याकडे आपल्या बाहुल्यांसाठी तलम, रंगीत वस्त्रे मागितली. युद्ध जिंकून गांडीवधारी परतला तो ती वस्त्रे विसरला नाही. बाहुलीची काळजी वाहिल्याने त्याच्या पराक्रमास उणेपणा आला, असे व्यासांस वाटले नाही.

त्या दिवशी दुकानातून आम्ही बाहुली घेतली आणि चेंडूही घेतला. बाळ आता कशाशी खेळावे हे आपले आपणच ठरवील.