चर्च चौक, गार्सिया द ओर्ताची बाग आणि फोंतेन्हास : पणजीचा जुना गाभा

मराठी मुलखातील जुनी गावे बहुधा किल्ला, वाडा, देऊळ किंवा आठवडी बाजार यांच्या आधाराने वाढली. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातल्या आंबागडाचे उदाहरण घ्या. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या कारकिर्दीत, १७०० च्या सुमारास, राजाखान नावाच्या सरदाराने टेकडीवर किल्ला उभारला, पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला आणि गाव पायथ्याशीच राहिले. लोकांनी संध्याकाळी जमावे म्हणून आखलेली मोकळी जागा या रचनेत कोठेच नाही. याउलट कॅरिबियन बेटांवरील स्पॅनिश गावांची मांडणी चौकापासूनच सुरू होई. दुसऱ्या फिलिप राजाने १५७३ मध्ये काढलेल्या नियमावलीत चौकाची लांबी-रुंदी किती असावी, हेसुद्धा ठरवून दिलेले होते. पोर्तुगिजांनी एवढी काटेकोर नियमावली कधी केली नाही. तरीही चर्चसमोरचा चौक आणि त्याभोवतीची वस्ती हा त्यांचाही आवडता घाट होता. मराठी वाचकाला तो जवळात जवळ पाहायचा असेल, तर पणजीला जावे.

पणजीचे नगरपण मात्र फार जुने नाही. सोळाव्या शतकात येथे मांडवीकाठी आदिलशहाचा वाडा, थोडीफार कोळ्यांची घरे आणि दलदल होती. लिस्बनहून आलेली गलबते जुन्या गोव्याकडे जाताना येथे थांबत. आलेले खलाशी टेकडीवरील लहानशा प्रार्थनागृहात सुखरूप प्रवासाबद्दल आभार मानीत. १५४१ मध्ये उभारलेले ते प्रार्थनागृह म्हणजेच आजचे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च. सध्याची वास्तू १६१९ ची. तिच्यासमोरचा नागमोडी, दुहेरी जिना अठराव्या शतकातला असून गोव्याची ओळख म्हणून आज तोच छापला जातो.

जुन्या गोव्याला साथींनी पोखरले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविला. पण गावाला शहराचे रूप दिले ते दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू याने. १८२६ ते १८३५ या काळात त्याने दलदली बुजविल्या, सरळ रस्ते आखले, सैन्याच्या बराकी बांधल्या. २२ मार्च १८४३ रोजी राजाज्ञेने ‘नोवा गोवा’ ही अधिकृत राजधानी झाली. नव्या शहरासाठी जुन्या शहराचे अवशेष सर्रास वापरले गेले. चर्चच्या दर्शनी भागात टांगलेली प्रचंड घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टीनियन मठाच्या मनोऱ्यावरची आहे. आग्वादच्या दीपगृहात काही दशके काढून ती १८७१ मध्ये येथे आली. गोव्यातील ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा मानली जाते. पहिला मान से कॅथेड्रलच्या ‘सुवर्णघंटे’चा.

बागेचे नाव

चर्चच्या पायथ्याशी असलेल्या चौकोनी बागेला आज म्युनिसिपल गार्डन म्हणतात. तिचे मूळ नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो जन्माने ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून काढून जाळल्या. त्याच राजसत्तेने पुढे राजधानीच्या मुख्य बागेला त्याचे नाव द्यावे, हा इतिहासाचा उपरोधच म्हणावा लागेल.

बागेतील स्तंभाची कथाही कमी बोलकी नाही. वास्को द गामाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून १८९८ मध्ये तो उभारला गेला आणि माथ्यावर गामाचा अर्धपुतळा बसविण्यात आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर पुतळा उतरला आणि तेथे अशोकाचे सिंह आले. खालचा स्तंभ तोच राहिला. थोड्याच अंतरावर आझाद मैदानातही असेच घडले. जुन्या गोव्यातील डॉमिनिकन चर्चचे खांब आणून बांधलेल्या मंडपात आधी आफोन्सो द आल्बुकर्क उभा होता. आता तेथे गोव्यातील राष्ट्रवादाचे जनक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांचे स्मारक आहे. मैदानालगतच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात मात्र जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये रंगविलेल्या निळ्या फरशांवर पोर्तुगीज दर्यावर्दींची महती अजून शाबूत आहे. रस्त्यांच्या नावांतही हीच सरमिसळ दिसते. पोर्तुगालमधील १८९१ च्या प्रजासत्ताकवादी उठावाचा ३१ जानेवारी आणि लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंग पुकारला तो १९४६ चा १८ जून, असे दोन्ही दिवस एकाच शहरात रस्ते होऊन राहिले आहेत.

नदीकाठचा आदिलशाही वाडा १९१८ पर्यंत राज्यपालांचे निवासस्थान होता. २००० पर्यंत विधानसभा तेथेच भरत असे. नंतर ती पर्वरीला गेली. शेजारी कांदोळीच्या आबे फारिया या संमोहनतज्ज्ञाचा १९४५ चा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा चुकवू नये.

फोंतेन्हास

टेकडीच्या पूर्व उतारावर, उरें खाडीपर्यंत पसरलेला फोंतेन्हास हा मुळात आंतोनियो जुवांव द सिकैरा याचा नारळाचा बाग. झऱ्यावरून नाव पडले. अरुंद गल्ल्या, निळी-पिवळी-गेरूरंगी घरे, लोखंडी सज्जे. पांढरा रंग फक्त चर्चला आणि घराला दर पावसाळ्यानंतर नवा हात, असा पूर्वी दंडक होता, असे सांगतात. येथील सान सेबास्तियन कपेलमधील क्रूस इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ मध्ये ते न्यायासन बंद झाल्यावर तो आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ मध्ये येथे. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

नियोजन आराखड्यात हा भाग संवर्धन क्षेत्र आहे. दर्शनी भिंत त्यामुळे वाचते. आतले जगणे वाचतेच असे नाही. वारसदार परदेशी पांगलेले, दुरुस्तीला चुना आणि जाणता गवंडी दुर्मीळ, मग घराचे अतिथिगृह होते किंवा छप्पर कोसळते. गेल्या काही वर्षांत छायाचित्रांसाठी येणाऱ्यांची झुंबड इतकी वाढली की, रहिवाशांनी दारावर मनाईचे फलक लावले. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून पोशाख बदलून छबी टिपून घेणाऱ्याला तेथे कोणी राहते, याचे भानच नसते. २०१९ मध्ये याविरुद्ध त्यांनी उघड आवाज उठविला.

त्यात स्मार्ट सिटीच्या कामांची भर पडली. मलवाहिन्या आणि रस्त्यांसाठी शहर २०२३ पासून ठिकठिकाणी खणले गेले. भर घातलेली जमीन असल्याने काही ठिकाणी अवजड वाहने रस्त्यातच रुतली. धुळीचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यांवर उतरून पाहणी केली.

चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते. त्या दिवसांत चौकात फेरी भरते, खाजे-लाडवांपासून लाकडी फर्निचरपर्यंत सारे मिळते आणि संध्याकाळी बागेच्या कठड्यावर बसायला जागा उरत नाही.