नीतीचा तास

मंडळी, डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांस नीती शिकविली म्हणजे काम भागले, असे आम्हांस वाटे. इतिहासाने तो भ्रम उडविला. नाझी जर्मनीत १९३९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांस नीतीचा विषय सक्तीचा होता! मात्र त्या तासाला रोग्यापेक्षा राष्ट्राचे 'आरोग्य' मोठे ठरे. पुढे छळछावण्यांत कैद्यांवर प्राणघातक प्रयोग झाले. १९४७ साली न्यूरेंबर्गला २३ आरोपींपैकी १६ दोषी ठरले. माणसाच्या खुषीच्या संमतीवाचून प्रयोग नको, हे पहिले कलम तेथे लिहिले गेले. आपल्याकडे २०१९ पासून एम.बी.बी.एस.ला पहिल्या वर्षापासून नीतीचे पाठ आहेत. पण आम्ही युनियनवाले जाणतो, कागदावर अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. म्हणून तास भरतो का, एवढेच विचारू नका. त्या तासाला रोग्याची बाजू कोण मांडतो, तेही विचारा.